बीटल १५०० आणि पहिली गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोक्सवॅगन बीटल १५०० (ऑगस्ट १९६६ ते जुलै १९७०) आणि पहिल्या पिढीची गोल्फ (१९७४ ते १९८३) यांपैकी कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर ती कशी सांभाळावी, याबद्दल जे विचारलं जातं ते इथे आहे. आकडे मुख्यतः १४९३ सीसीच्या बीटलचे आणि १४७१ सीसीच्या सुरुवातीच्या गोल्फचे आहेत. दुसरं इंजिन असेल तर आधी त्या इंजिनाचं मॅन्युअल पाहा.

या दोनच गाड्या समोरासमोर का?

एकाच कारखान्याने एकीच्या जागी दुसरी आणली म्हणून. २९ मार्च १९७४ ला वोल्फ्सबुर्गमध्ये गोल्फचं उत्पादन सुरू झालं आणि त्याच वर्षी १ जुलैला तिथली शेवटची बीटल बाहेर पडली. बीटल इतरत्र पुढेही बनत राहिली. मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये ती ३० जुलै २००३ ला थांबली आणि तोवर एकूण २,१५,२९,४६४ गाड्या बनल्या होत्या.

दोघींचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, अगदी सारखा. बाकी सगळं उलटं. बीटलचं इंजिन मागे, थंड होतं हवेने, आणि ओढ मागच्या चाकांना. गोल्फचं इंजिन पुढे आडवं, थंड होतं पाण्याने, आणि ओढ पुढच्या चाकांना. बीटलचा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा, १९३० च्या दशकातला; गोल्फचा देह जॉर्जेतो जुजारो यांनी आखलेला. वजन दोघींचं ८०० किलोच्या आसपास.

कागदावर फरक किती?

बीटल १५०० ची ताकद ४४ अश्वशक्ती, वेग ताशी १२५ किमी. गोल्फची ७० अश्वशक्ती आणि ताशी १६० किमी. सीसी जवळजवळ तेवढेच. फरक येतो तो इंजिन किती फिरू शकतं यातून: बीटलची ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांना संपते, गोल्फची ५८०० पर्यंत वाढत जाते. उलट बीटलचा टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ओढ), साधारण १०० न्यूटन-मीटर, २००० फेऱ्यांनाच हातात असतो. त्यामुळे गावात हळू चालवताना ती आकड्यांवरून वाटते तितकी मरतुकडी नाही.

हवेचा अडथळा दाखवणारा गुणांक बीटलचा ०.४८, गोल्फचा ०.४२. बीटल ४ मीटरहून लांब, गोल्फ ३.७ मीटर, तरी आत जागा गोल्फमध्येच जास्त. बीटलची लांबी मडगार्डांत आणि गोल नाकात खर्च होते. गोल्फचा मागचा दरवाजा वर उघडून सीट पाडली की कपाटही मावतं. बीटलमध्ये सामान दोन ठिकाणी वाटून ठेवावं लागतं: थोडं पुढच्या झाकणाखाली, थोडं मागच्या सीटच्या पाठीमागच्या खळग्यात.

चालवताना सगळ्यात आधी काय जाणवतं?

बीटलचं जवळजवळ ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. स्टीअरिंग हलकं, चिखलात पकड उत्तम, पण आडवा वारा आला की गाडी सरकते. मागे स्विंग अॅक्सल (दोन बाजूंना वर-खाली झुलणारे अर्धे अॅक्सल) असल्यामुळे आणखी एक गोष्ट माहीत हवी. वळणावर वेगात शिरून मध्येच अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि पकड सुटते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा.

याच कारणाने टायरमधल्या हवेला बीटलमध्ये फार महत्त्व आहे. रेडियल टायरला पुढे १८ आणि मागे २७ पीएसआय ही चालणारी जोडी. चारही चाकांत सारखीच हवा भरणं ही नेहमीची चूक. त्यानंतर गाडी सैरभैर वागते आणि मालक स्टीअरिंग बॉक्सला दोष देत बसतो.

गोल्फचं वजन पुढे. जास्त वेगात वळलात तर ती नाकाने बाहेर जाते, पाय सोडला की परत आत येते. नवख्यालाही हे झेपतं.

हवेने थंड होणारं इंजिन म्हणजे देखभाल नाही, हे खरं का?

नाही. रेडिएटर नाही, पंप नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, एवढंच खरं. पण थंड करण्याचं बरंचसं काम ऑइल करतं आणि ऑइल असतं फक्त २.५ लीटर. फिल्टर नाही, खाली एक जाळी असते. म्हणून दर ५००० किमीला ऑइल बदलायचंच, आणि गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा.

ऑइल गरम असताना मधला बोल्ट काढून निथळू द्या. मग जाळीच्या प्लेटचे ६ नट काढा, जाळी पेट्रोलने धुवा, दोन्ही बाजूंना नवे गॅस्केट आणि प्रत्येक नटाखाली नवा तांब्याचा वॉशर घाला. हे नट फक्त ७ न्यूटन-मीटरला आवळायचे. गळती थांबावी म्हणून जोर लावला की स्टडच केसमधून, म्हणजे इंजिनाच्या कवचातून, उपटून येतो, आणि मग साध्या ऑइल बदलाचं मोठं काम होऊन बसतं. जाळीत चकाकणारी बारीक पूड थोडी दिसली तर चालते, चिमटीत येणारे तुकडे नाहीत.

बीटलचे टॅपेट कसे सेट करायचे?

टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यातली फट ठरवणं. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे गाडी रात्रभर उभी असलेली बरी. लागतात ते: २१ चा पाना डायनॅमोच्या पुलीसाठी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), स्क्रूड्रायव्हर, लॉकनटचा पाना आणि दोन नवे झाकणाचे गॅस्केट.

डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा. डायनॅमोची पुली फिरवत खालच्या मोठ्या पुलीवरची खूण केसच्या सांध्याशी आणि रोटर डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या खाचेशी आणा. हा झाला १ नंबर सिलिंडर. त्याच्या दोन्ही व्हॉल्व्हना ०.१५ मिमी फट ठेवा. मग खालची पुली उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, अर्धा फेरा फिरवा: आला २ नंबर. पुढच्या अर्ध्या फेऱ्याला ३, त्यापुढे ४. इग्निशनचा क्रम १-४-३-२ आहे, म्हणून उलट फिरवल्यावर सरळ १-२-३-४ मिळतो. उजवीकडे पुढे १ आणि मागे २. डावीकडे पुढे ३ आणि मागे ४.

लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, त्यामुळे आवळल्यावर फट पुन्हा मोजा. ही पायरी गाळली की सगळी मेहनत फुकट.

थोडी टकटक करणारा टॅपेट चालेल, गप्प झालेला चालणार नाही. फट आपोआप कमी होत जात असेल तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीटमध्ये बसतोय. त्यातही ३ नंबरच्या एक्झॉस्टकडे डोळा ठेवा. या काळातल्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या कवचातच उभा असतो आणि ३ नंबरकडे जाणारी हवा अडवतो, म्हणून तो सिलिंडर जास्त तापतो. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं तर पिस्टनसकट सगळं जातं. पुढच्या १६०० इंजिनात कूलर बाजूला हलवून ही अडचण कमी केली गेली.

फॅन बेल्ट तुटला तर हळूहळू घरापर्यंत नेता येते का?

नाही. त्याच बेल्टवर डायनॅमो फिरतो आणि डायनॅमोच्याच दांड्यावर थंड करणारा पंखा आहे. बेल्ट गेला की लाल दिवा लागतो. तो चार्जिंगचा दिवा दिसत असला तरी बीटलमध्ये त्याचा अर्थ पंखा बंद असाही होतो. गाडी तिथेच थांबवा.

नवा बेल्ट घालणं दहा मिनिटांचं काम आहे. डायनॅमोची पुली दोन भागांची असते, मधे पातळ चकत्या. बेल्ट सैल असेल तर मधली चकती काढून बाहेर नटाखाली ठेवायची, फार ताठ असेल तर उलट. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १५ मिमी दबावा. उरलेल्या चकत्या फेकू नका, त्या नटाखालीच राहतात.

गोल्फमध्ये टायमिंग बेल्ट किती वर्षांनी बदलायचा?

इतक्या जुन्या गाडीत किलोमीटरपेक्षा वय मोजा. ६०,००० किमी किंवा ५ वर्षं, जे आधी होईल ते. बेल्टचा इतिहास ठाऊक नसेल तर गाडी आणल्यावर पहिलं काम हेच. डिझेल गोल्फमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतातच, तिथे वाट पाहू नका.

पेट्रोल १.५ वर काम असं. गिअरबॉक्सवरच्या खिडकीतून फ्लायव्हीलची शून्याची खूण टोकाशी आणा. वर कॅमच्या चक्रामागची खूण झाकणाच्या कडेशी समतल हवी. खाली क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरची खाच मधल्या दांड्याच्या चक्रावरच्या ठिपक्यासमोर हवी. या तीन खुणा जुळल्यावरच टेन्शनरचा (बेल्ट ताणणाऱ्या चाकाचा) नट सैल करा. नवा बेल्ट घातल्यावर कॅम आणि मधलं चक्र यांच्या मध्यावर तो दोन बोटांत धरून पिळा: बरोबर ९० अंश पिळता आला पाहिजे. टेन्शनरचा नट ४५ न्यूटन-मीटरला आवळा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा.

मधल्या दांड्यावर डिस्ट्रिब्युटर चालतो. तो एक दात चुकला तर इंजिन सुरू होतं, पण दम नसतो. मग लोक कार्ब्युरेटर खोलतात. टेन्शनरचं बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागली तर तेही बदला.

गोल्फचे टॅपेटही असेच का?

फट मोजणं सोपं, बदलणं जरा किचकट. इथे स्क्रू नाही, व्हॉल्व्हवरच्या बकेटवर (पेल्यासारख्या टोपीवर) ठरावीक जाडीच्या चकत्या असतात, ०.०५ मिमीच्या टप्प्यांत. इंजिन गरम असताना इनलेटला ०.२० ते ०.३० आणि एक्झॉस्टला ०.४० ते ०.५० मिमी फट हवी. २० ते २५ हजार किमीला तपासलं तरी पुरतं आणि बहुतेक वेळा काहीच बदलावं लागत नाही. चकती काढताना पिस्टन अगदी वरच्या टोकाला ठेवू नका. बकेट दाबल्यावर व्हॉल्व्ह खाली जाऊन पिस्टनला लागतो. क्रँक वरच्या टोकापासून साधारण पाव फेरा पुढे न्या, मग दाबा.

सकाळी सुरू करताना निळा धूर येतो. इंजिन गेलं का?

गोल्फमध्ये बहुधा नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीलं कडक होतात, रात्रभर ऑइल झिरपतं आणि सुरू होताना जळतं. दोन मिनिटांत धूर थांबत असेल आणि चढावर येत नसेल तर सीलं बदलून भागतं. ओढ लावल्यावर सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे वळा आणि कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचं.

बीटलमध्ये थोडा धूर उतारावर उभी केल्यावरही येतो, कारण सिलिंडर आडवे आहेत. तो मनावर घेऊ नका.

गंज कुठे शोधायचा?

दोघींमध्ये खरा खर्च इथेच आहे, इंजिनात नाही.

बीटलमध्ये दारांखालच्या पोकळ पट्ट्या पाहा. त्यांतून गरम हवा पुढे जाते आणि देहाची ताकदही त्यांच्यातच असते. त्या कुजल्या असतील तर दार उघडल्यावर खाली झुकतं आणि बंद करताना उचलावं लागतं. मग मागची सीट काढा: उजवीकडे बॅटरी, तिच्याखालचा पत्रा आम्लाने खाल्लेला असतो. पुढे स्टेपनीचा खळगा, त्यामागचा पुढच्या अॅक्सलला धरणारा फ्रेमचा भाग आणि मागच्या बंपरचे आधार. मडगार्ड कुजले असतील तर घाबरू नका, ते बोल्टवर आहेत. दाराखालच्या पट्ट्या कुजल्या असतील तर देह चॅसिसवरून उचलावा लागतो. तो वेगळा प्रकल्प.

गोल्फचा देह एकसंध आहे, त्यामुळे प्रत्येक कुजका कोपरा ताकदीचा प्रश्न असतो. समोरच्या काचेचे खालचे कोपरे, वायपरखालची पाण्याची पन्हळ, पुढच्या स्ट्रटचे माथे, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या बीमचे आधार पाहा. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत पेट्रोल भरायची नळी आहे, ती बाहेरून गंजते आणि गंजाची पूड थेट टाकीत पडते. फिल्टर सारखा तुंबत असेल तर तो बदलत बसण्याआधी ही नळी पाहा.

पन्हळीची भोकं पानांनी तुंबली की पाणी आत येतं आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सवर टपकतं. गोल्फमध्ये वायपर, दिवे, पंखा असं काहीबाही एकाच वेळी वेडंवाकडं वागू लागलं तर वायरिंग उकलण्याआधी फ्यूजच्या टोकांवरची हिरवी बुरशी साफ करा आणि पाण्याचा मार्ग शोधा.

पाहायला गेल्यावर वेळ कमी असेल तर?

बीटलमध्ये इंजिन बंद करून खालची पुली दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ढकला. क्रँकची ही हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी असावी, मर्यादा ०.१५. हाताला स्पष्ट ठक्क जाणवलं तर इंजिन खोलावं लागणार. इंजिन क्रमांक डायनॅमोच्या बुडाशी केसवर असतो. १५०० चा एच अक्षराने सुरू होतो. दुसरं अक्षर असेल तर इंजिन बदललेलं आहे, त्यात वाईट काही नाही, पण किंमत ठरवताना ते धरा. चॅसिस क्रमांक मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर कोरलेला असतो. सुरुवातीचे ११ म्हणजे बीटल, तिसरा अंक मॉडेल-वर्षाचा.

गोल्फमध्ये गार इंजिन सुरू करून निळा धूर पाहा, मग रेडिएटरचा विजेचा पंखा स्वतःहून सुरू होईपर्यंत चालू ठेवा. काटा वर जातोय आणि पंखा हलत नाही, तर इंजिन बंद करा, इग्निशन चालू ठेवा आणि रेडिएटरवरच्या स्विचच्या दोन वायर एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कटकट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला ओढ पोचवणारा सांधा) झिजलाय. रबरी बूट फाटलेला दिसेलच.

बीटलला आग लागते, असं म्हणतात. का?

तीन कारणं, तिन्ही टाळता येतात. एक, इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या नळ्या कडक होऊन तडकतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यासाठी बनवलेली नळी घाला, क्लिप लावा आणि ५ वर्षांनी बदला. दोन, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत घेणारी पितळी नळी फक्त दाबून बसवलेली असते. हाताने हलली तर निघू शकते. तीन, मागच्या सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात. बॅटरीवर झाकण हवंच, आणि मागे जड माणूस बसणार असेल तर दोनदा हवं. बॅटरी ठरलेल्या उंचीचीच घ्या.

ब्रेक कुणाचे बरे?

गोल्फचे, यात वाद नाही: तिचे दोन सर्किट तिरपे विभागलेले आहेत, एक गेलं तरी गाडी सरळ थांबते. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गोल्फमध्ये मात्र पेडलपासून डावीकडच्या सर्व्होपर्यंत (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागापर्यंत) एक आडवा दांडा जातो. त्याच्या बुशा झिजल्या की पेडल मऊ लागतं आणि हवा काढून काढून लोक थकतात.

युरोपीय बीटल १५०० ला पुढे डिस्क होत्या. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना चारही ड्रम. निवड असेल तर ऑगस्ट १९६७ नंतरची घ्या: दुहेरी ब्रेक सर्किट, धडकेत दुमडणारा स्टीअरिंग कॉलम आणि १२ व्होल्टची वीज तेव्हापासून आली. एअरबॅग आणि एबीएस दोघींतही नाहीत. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी.

क्लच आणि गिअरबॉक्स?

बीटलचं इंजिन ४ जागी धरलेलं असतं. गाडी उंच करून जॅकवर ते खाली उतरवता येतं, म्हणून क्लचचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं. फ्लायव्हीलचा मधला नट मात्र ३६ चा आणि ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला, त्याला लांब दांडा हवा.

गोल्फमध्ये क्लच उलटा बसवलाय: प्रेशर प्लेट क्रँकवर, फ्लायव्हील तिच्या बाहेर. दाबणारी सळई गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्यातून आरपार जाते आणि रिलीज बेअरिंग दुसऱ्या टोकाच्या झाकणाखाली असतं, त्यामुळे ते बदलायला गिअरबॉक्स काढावाच लागत नाही. या गिअरबॉक्सचा कमकुवत दुवा म्हणजे डिफरन्शिअलचे रिव्हेट. ते सुटले की केस फोडून बाहेर येतात. गिअर ऑइल काढताना धातूचे तुकडे दिसले तर तिथेच थांबा. उघडलाच असेल तर रिव्हेटच्या जागी बोल्ट घालून घ्या.

तुलनेत जीटीआय का नाही?

गोल्फची ही वेगवान आवृत्ती जून १९७६ पासून विकली गेली, १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन. मजा वेगळीच, पण ते इंजेक्शन यांत्रिक दाबावर चालतं आणि उभं राहिलं की चिकटतं. गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल तर बंद केल्यावर दाब टिकतोय का ते गेज लावून आधी पाहा. अॅक्युम्युलेटर (दाब साठवणारी डबी) किंवा पंपाचा एकदिशा व्हॉल्व्ह दोषी असतो. गेज नसताना मिश्रणाचा स्क्रू फिरवू नका.

कोणती कुणी घ्यावी?

दर महिन्याला हात काळे करायला आवडत असतील, प्रवास छोटे असतील, तर बीटल. ती वारंवार थोडं थोडं मागते आणि मागताना आवाजाने सांगते. गोल्फ रोज वापरता येते, महामार्गावर दमत नाही, पण ती वर्षभर गप्प राहून बेल्ट, होस आणि गंज यांचा हिशेब एकदम पुढे ठेवते. तारखांची वही ठेवणाऱ्याला गोल्फ, कान लावून ऐकणाऱ्याला बीटल. कमी गंजलेली गोल्फ आणि कुजलेली बीटल यांत मन बीटलवर असलं तरी गोल्फच घ्या.

डिकीत काय असावं?

बीटलमध्ये: फॅन बेल्ट, २१ चा पाना, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि कंडेन्सर, अर्धा लीटर ऑइल, अॅक्सिलरेटर आणि क्लचची केबल. पॉइंटची फट दोघींतही ०.४ मिमी. स्टेपनीत हवा थोडी जास्त भरा, कारण काचेवर पाणी मारणारा फवारा तिच्याच हवेवर चालतो. फवारा सारखा वापरलात की स्टेपनीतली हवा कमी होते.

गोल्फमध्ये: वरची रेडिएटर होस, दोन क्लिपा, २ लीटर पाणी, व्ही-बेल्ट आणि फ्यूज. पाण्याचा पंप याच व्ही-बेल्टवर चालतो, टायमिंग बेल्टवर नाही. ११०० सीसीच्या छोट्या इंजिनात मात्र तो टायमिंग बेल्टवरच आहे, तेव्हा तिथे बेल्ट बदलताना पंपही बदला.